मावल्याचा संगणक, डेव्ह आणि एकतीस फायली

मंडळी, आदिलाबाद हे नाव आपल्या गोवेकराच्या कानाला परके वाटते. पण त्यातला 'आदिल' आपल्या चांगल्या परिचयाचा आहे. पणजीत मांडवीच्या काठावर जुन्या सचिवालयाची जी इमारत उभी आहे, तिला आपण अजून आदिलशहाचा वाडा म्हणतो. विजापूरच्या त्याच आदिलशाहीवरून आदिलाबादला नाव मिळाले असे तिकडचे लोक सांगतात. १५१० मध्ये आपण पोर्तुगीजांच्या हाती गेलो आणि आदिलाबाद पुढे निजामाच्या राज्यात. तिथला निजाम १९४८ साली गेला, आपल्याकडचा पोर्तुगीज १९६१ साली. १९५६ मध्ये भाषावार राज्ये झाली तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा मुंबई राज्यात आले आणि बाकीचा जिल्हा आंध्र प्रदेशात राहिला. तो आता २०१४ पासून तेलंगणात आहे. कागदावर आखलेल्या त्या रेषेच्या पलीकडे पुष्कळ मराठी घरे राहून गेली. तेलुगू, गोंडी, उर्दू आणि मराठी अशा चार भाषा बाजारात एकत्र नांदतात आणि मराठी माध्यमाच्या शाळाही तिथे आहेत.

अशाच एका घरात माझे साडू राहतात. गावाचे नाव मावला. आदिलाबाद शहराला लागूनच, नागपूर-हैदराबाद महामार्गावर. २०१६ च्या फेररचनेत ते मंडळाचे (म्हणजे आपल्या भाषेत तालुक्यासारखे) ठिकाण झाले. गावाजवळ मोठा तलाव आहे. गोव्याहून जायचे तर रेल्वेने सिकंदराबाद आणि पुढे बसने साधारण तीनशे किलोमीटर. एवढा प्रवास करून मागच्या मे महिन्यात मी तिथे आठ दिवस राहिलो, त्यातले पाच दिवस एका जुन्या संगणकापुढे गेले. आजचा लेख त्या संगणकाचा आहे. आणि खरे सांगायचे तर तुमच्या माळ्यावर पडलेल्या संगणकाचाही आहे!

आधी यंत्राची ओळख करून देतो. साडूंचे वडील मराठी शाळेत शिक्षक होते. २००१ साली निवृत्तीच्या पैशातून त्यांनी हा संगणक जोडून घेतला. बिल अजून फायलीत आहे, आणि माझ्यासारख्या कारकुनाला बिल वाचताना जो आनंद होतो तो कादंबरी वाचताना होत नाही. सेलेरॉन ६०० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, इंटेल ८१० चा मदरबोर्ड, ६४ एमबी रॅम, २० जीबीची हार्ड डिस्क, १५ इंची काचेचा मॉनिटर. वर विंडोज ९८. सर्व मिळून तेहतीस हजार रुपये. सासरेबुवा (साडूंचे वडील मलाही सासऱ्यांच्याच जागी) चार वर्षांपूर्वी वारले. यंत्र त्याआधीच बंद पडले होते आणि जुन्या लुगड्याच्या कापडात गुंडाळून कोपऱ्यात ठेवले होते. साडूंचा धाकटा मुलगा नववीत आहे. त्याने मोबाईलवर कुणीतरी जुन्या संगणकावर रोड रॅश खेळताना पाहिले आणि मला फोन केला, "काका, आपला डब्बा चालू होते का?"

साडूंनी अट घातली, तीन हजारांच्या वर एक रुपया जाता कामा नये. अट रास्त होती. आजकाल जुन्या यंत्रांचा शौक महाग झाला आहे. ज्या व्हूडू कार्डांना एके काळी भंगारात कुणी विचारत नव्हते, ती आता संग्राहकांच्या भावाने विकली जातात.

पण ही यंत्रे आपल्या घरांत आली कशी, ते आधी पाहू, म्हणजे पुढचे हिशेब समजतील. १९८४ च्या नोव्हेंबरात राजीव गांधींच्या सरकारने नवे संगणक धोरण जाहीर केले आणि आयातीवरचे जकातीचे ओझे हलके झाले. त्याच सुमारास 'क्लास' नावाच्या प्रकल्पातून देशातल्या काही निवडक शाळांमध्ये बीबीसी मायक्रो हे इंग्लंडचे यंत्र पोचले. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झाली आणि १९९१ मध्ये विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली परम ८००० तयार झाला. महासंगणक पुण्यात झाला याचा मराठी माणसाला केवढा अभिमान! पण घरात मात्र साधा संगणकही नव्हता. घरातला संगणक आला तो १९९७ नंतर. त्या वर्षी भारत जागतिक व्यापार संघटनेच्या माहिती तंत्रज्ञान करारात सामील झाला आणि सुट्या भागांवरची जकात टप्प्याटप्प्याने शून्याकडे गेली. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, सिकंदराबादचे चिनॉय ट्रेड सेंटर अशा बाजारांतून सुटे भाग गावोगाव गेले आणि तालुक्याच्या ठिकाणी बसलेला एखादा पोरगा पेचकस घेऊन 'असेंबल्ड' यंत्रे जोडू लागला. कंपनीच्या यंत्राहून ते दहा-पंधरा हजारांनी स्वस्त पडे. महाराष्ट्रात २००१ मध्ये एमकेसीएल सुरू झाली आणि एमएस-सीआयटीच्या वर्गांनी खेड्यापाड्यांत माऊस पोचवला.

आपल्या गोव्याची कथा याहून थोडी निराळी आहे आणि तिचा विसर पडू नये. नव्वदच्या दशकाच्या शेवटी आणि पुढच्या दोन-चार वर्षांत परदेशी राहणाऱ्या गोंयकारांच्या पुढाकाराने गोवा स्कूल्स कॉम्प्युटर्स प्रोजेक्ट नावाचा उपक्रम चालला. अमेरिकेत कचेऱ्यांनी काढून टाकलेले वापरलेले संगणक जहाजाने इकडे आणायचे आणि त्यांवर लिनक्स चढवून ते शाळांना द्यायचे. कमी पैशात जुने यंत्र पुन्हा कामाला लावणे म्हणजे काय, हे आपल्या शाळांनी तेव्हाच पाहिले आहे. त्यानंतर २००२ च्या सुमारास गोवा शासनाची सायबरएज योजना आली आणि उच्च माध्यमिकच्या विद्यार्थ्यांच्या घरी संगणक पोचले. पेडण्यापासून काणकोणपर्यंत कितीतरी वाड्यांवर घरातले पहिले यंत्र ते हेच. शिक्षणासाठी दिलेल्या या यंत्रांवर भुरग्यांनी काय केले असेल ते तुम्हांला ठाऊक आहे. खेळ खेळले!

त्या खेळांचाही एक इतिहास आहे. आमच्या पिढीने संगणक शिकला तो काही वर्ड उघडून नव्हे. लॅबमध्ये सर बाहेर गेले की कुणाच्या तरी खिशातली फ्लॉपी बाहेर येई आणि पडद्यावर 'डेव्ह' उभा राही. लाल टोपीवाला तो डेंजरस डेव्ह जॉन रोमेरो नावाच्या अमेरिकन तरुणाने १९८८ मध्ये अ‍ॅपल टू या यंत्रासाठी लिहिला आणि १९९० मध्ये तो आपल्या पीसीवर आला. याच रोमेरोने पुढे मित्रांबरोबर डूम केला, तो १० डिसेंबर १९९३ ला प्रसिद्ध झाला आणि बंदुकीच्या खेळांची जगभर लाट आली.

दुसरा आपल्या सगळ्यांचा जुना सोबती म्हणजे प्रिन्स ऑफ पर्शिया. जॉर्डन मेकनर याने आपल्या धाकट्या भावाला धावायला, उड्या मारायला लावून त्याचे चित्रीकरण केले आणि त्यावरून राजपुत्राच्या हालचाली एकेक चित्र करून उतरवल्या. म्हणूनच १९८९ च्या त्या खेळातला राजपुत्र आजही खऱ्या माणसासारखा लटकतो, अडखळतो. त्यातला राजपुत्राची सावली असलेला शत्रू आठवतो? अ‍ॅपलच्या स्मृतीत दुसऱ्या पात्राची चित्रे ठेवायला जागाच उरली नव्हती. तेव्हा मेकनरने राजपुत्राचीच चित्रे थोडी फिरवून पुन्हा वापरली आणि खेळातले सर्वांत लक्षात राहणारे पात्र जन्माला आले. तुटपुंज्या साधनांत संसार करणाऱ्या बाईच्या हाताला जशी चव असते, तसेच हे.

आता एक रास्त प्रश्न. हे सगळे खेळ आजच्या लॅपटॉपवर चालत नाहीत का? चालतात. डॉसबॉक्स हा प्रोग्राम २००२ पासून फुकट मिळतो. तो नव्या यंत्राच्या आत एक खोटे जुने यंत्र उभे करतो आणि डेव्ह, प्रिन्स त्यात सुखाने खेळतात. जुने खेळ रीतसर विकत घ्यायचे तर २००८ पासून जीओजीसारखी दुकाने महाजालावर आहेत. ज्याला फक्त खेळायचे आहे त्याने तेवढ्यावर थांबावे, पैसे वाचतील. अडचण येते ती मधल्या काळातल्या, म्हणजे १९९६ ते २००० च्या खेळांची. रोड रॅश, नीड फॉर स्पीडचे पहिले भाग, व्हर्च्युआ कॉप अशा विंडोज ९५-९८ साठी लिहिलेल्या खेळांपैकी बरेच नव्या विंडोजवर रुसून बसतात. त्यांना त्यांचेच घर लागते. शिवाय हे खेळ काचेच्या मॉनिटरसाठी काढलेले. ६४० बाय ४८० ची चित्रे आजच्या रुंद सपाट पडद्यावर ताणली की पोळीसारखी पसरतात.

यंत्र उघडण्याआधी मी साडूंना बजावले होते की कुणीही कळ दाबून पाहायची नाही. वर्षानुवर्षे बंद असलेल्या यंत्राला एकदम वीज देणे म्हणजे लंघन काढलेल्या माणसाला एकदम श्राद्धाचे जेवण वाढणे. मदरबोर्डवर आणि वीजपेटीत (म्हणजे एसएमपीएसमध्ये) छोट्या डब्यांसारखे कपॅसिटर असतात. १९९९ नंतरच्या काही वर्षांत जगभर निकृष्ट कपॅसिटरांची साथच आली होती. ते डोक्यावर फुगतात, कधी तपकिरी रस सोडतात. म्हणून आधी बॅटरी घेऊन एकेक डोके पाहायचे. आमच्या मदरबोर्डवरचे सगळे सपाट निघाले, एसएमपीएसमधले दोन फुगले होते. तो बदलायचे ठरले. नव्या एसएमपीएसचा २४ पिनांचा जोड २० आणि ४ असा सुटा होतो, त्यातला वीस पिनांचा भाग जुन्या बोर्डात बरोबर बसतो.

मॉनिटर मात्र मी उघडला नाही आणि तुम्हीही उघडू नका. काचेच्या नळीत वीज बंद केल्यावरही जिवावर बेतेल एवढा विद्युतभार राहू शकतो. तो कोरड्या फडक्याने बाहेरून पुसला, एवढेच.

आत काय होते? वीस वर्षांची माती, पालीची चार अंड्यांची टरफले आणि एक हरवलेले मंगळसूत्राचे काळे मणी (साडूबाईंनी ओळखले!). पण गंज नव्हता. मला आश्चर्य वाटले नाही. आदिलाबादची हवा कोरडी. उन्हाळा भाजून काढतो, हिवाळा गारठवतो, पण दमटपणा आणि खारे वारे नाहीत. आपल्याकडे याच वयाचे यंत्र उघडले तर स्लॉटच्या पिना काळ्या-हिरव्या झालेल्या आणि सीड्यांवर बुरशीची नक्षी. गोव्यात जुना संगणक जपायचा तर पहिला शत्रू पावसाळा, हे लक्षात असू द्या. पट्टी काढून तिचे सोनेरी दात साध्या पांढऱ्या खोडरबराने हलके घासले तर निम्मी यंत्रे परत बोलू लागतात.

आता सुधारणेचा प्रश्न. इथे मोह आवरावा लागतो. इंटेल ८१० हा स्वस्त यंत्रांसाठी १९९९ मध्ये काढलेला चिपसेट. त्याचे चित्र दाखवण्याचे काम बोर्डातच होते, त्यामुळे ग्राफिक्स कार्डाचा एजीपी स्लॉटच त्याला नसतो. चांगले कार्ड लावायचे तर जुन्या पीसीआय स्लॉटमधले शोधावे लागते, आणि ते दुर्मीळ म्हणून महाग. मग मुलाला विचारले, तुला नक्की काय खेळायचे आहे? यादी आली: डेव्ह, प्रिन्स, रोड रॅश, एज ऑफ एम्पायर्स आणि व्हाइस सिटी. पहिल्या चारांना हे यंत्र पुरेसे आहे. १९९७ च्या एज ऑफ एम्पायर्सला पेंटियम ९० आणि १६ एमबी रॅम चाले. व्हाइस सिटी २००३ मध्ये पीसीवर आली. तिला किमान ८०० मेगाहर्ट्झ, १२८ एमबी रॅम आणि ३२ एमबीचे वेगळे ग्राफिक्स कार्ड हवे. ती यादीतून खोडली. जुन्या यंत्राच्या बाबतीत मी एकच शहाणपण सांगेन: आधी खेळांची यादी करावी आणि मग सामानाची. उलट केले की खर्चाला अंत नाही.

रॅम ६४ वरून २५६ करायची होती. २५६ ची एक पट्टी घेण्यापेक्षा १२८ च्या दोन घेतल्या. कारण या काळचे चिपसेट दाट चिपा ओळखत नाहीत. आठ चिपांची २५६ ची पट्टी लावली तर यंत्र तिला अर्धीच मोजते. आणि विंडोज ९८ ला फार रॅम दिलीच तर ५१२ च्या पुढे ते स्वतःच गडबडते. आवाजाचे म्हणाल तर बोर्डावरचा आवाज विंडोजमध्ये ठीक, पण डॉसचे खेळ साउंड ब्लास्टरची भाषा बोलतात आणि ती त्याला येत नाही. त्यासाठी यामाहाच्या वायएमएफ ७२४ चिपचे वापरलेले पीसीआय कार्ड घेतले. ते आले आणि प्रिन्सच्या तुरुंगात पहिल्यांदा संगीत वाजले.

हिशेब असा: बोर्डावरचा घड्याळाचा सेल ४० रुपये, एसएमपीएस ७५०, वापरलेल्या रॅमच्या दोन पट्ट्या ३००, साउंड कार्ड ४५०, ब्रश आणि प्रोसेसरवर लावायची पेस्ट ११०. हे झाले १६५०. उरलेले पैसे हार्ड डिस्कसाठी ठेवले होते, आणि खरा पेच तिथेच पडला.

जुनी डिस्क फिरताना करकर वाजत होती. मुलाचे म्हणणे असे की, ती काढून फेकू, एसडी कार्ड लावू आणि सगळे नव्याने भरू. हल्ली जुन्या आयडीई जोडाला एसडी कार्ड लावण्याचा अडॅप्टर मिळतो. आवाज नाही, उष्णता नाही, वेगही बरा. खेळाच्या दृष्टीने त्याचा सल्ला अगदी योग्य होता. पण मी कचेरीत पंचवीस वर्षे काढलेला माणूस. आमच्याकडे यंत्र निकामी ठरवायचे तर आधी डेड स्टॉक रजिस्टरात नोंद, मग समितीची पाहणी, मग निर्लेखन. त्या सगळ्या कागदांत यंत्राची किंमत असते, खरेदीची तारीख असते. आत काय लिहिलेले आहे याचा रकाना मात्र कुठल्याच नमुन्यात नसतो. मी एवढेच म्हटले, आधी आत काय आहे ते पाहू.

डिस्क लॅपटॉपला जोडून तिची जशीच्या तशी, सेक्टरनिहाय प्रत आधी काढून घेतली. करकरणाऱ्या डिस्कवर दुसरे काहीही करण्यापूर्वी हे करायचे असते, कारण ती किती तासांची सोबती आहे हे सांगता येत नाही. प्रत पुरी झाली आणि 'माय डॉक्युमेंट्स'मध्ये एकतीस फायली सापडल्या. उघडल्या तर पडद्यावर इंग्रजी अक्षरे, टोप्या घातलेले ए आणि ओ, पौंडाची चिन्हे. मुलगा म्हणाला, "खराब झाल्या."

खराब झाल्या नव्हत्या. ज्यांनी विंडोज ९८ वर मराठी टंकले आहे त्यांना हे चित्र ओळखीचे असेल. त्या काळी फॉन्टमध्ये जेमतेम २५६ खाने असत. त्यांत काना, मात्रा, वेलांटी, रफार, अर्धी अक्षरे असे देवनागरीचे तुकडे बसवायचे आणि ते शेजारी शेजारी ठेवून शब्द उभा करायचा. सी-डॅकचे आयएसएम, पुण्याच्या मॉड्युलरची श्रीलिपी आणि इतर कितीतरी. प्रत्येकाच्या खान्यांची मांडणी वेगळी. १९९१ मध्ये इस्कीचे प्रमाण भारतीय मानक म्हणून आले होते, पण फॉन्टांच्या घरात ज्याची त्याची चूल वेगळीच राहिली. फाईलमध्ये मराठी नसतेच, असतात खान्यांचे क्रमांक. तो फॉन्ट असेल तर मराठी, नसेल तर पौंडाची चिन्हे. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून होती. पण विंडोजमध्ये ती विंडोज २००० पासून नीट दिसू लागली, र. कृ. जोशी यांनी आरेखित केलेल्या मंगल फॉन्टमधून. विंडोज ९८ वाले सासरेबुवा त्या उंबरठ्याच्या अलीकडे राहिले, जसे आदिलाबाद पैनगंगेच्या अलीकडे राहिले.

म्हणून त्याच डिस्कची प्रत ३२ जीबीच्या एसडी कार्डावर उतरवली. (या काळच्या बोर्डांना ३२ जीबीच्या वरचे साठे बहुधा पचत नाहीत, तेवढे सांभाळावे.) कार्ड ४००, अडॅप्टर ६५०, एकूण खर्च २७०० रुपये. यंत्र सुरू केले, सासरेबुवांचीच विंडोज, त्यांचाच फॉन्ट, आणि पहिली फाईल उघडली तर स्वच्छ मराठी! जात्यावरच्या ओव्या होत्या. आदिलाबाद आणि आसपासच्या गावांतल्या मराठी बायकांकडून ऐकून त्यांनी त्या उतरवल्या होत्या. प्रत्येक ओवीखाली सांगणारीचे गाव, वय आणि काही ठिकाणी तेलुगू-गोंडी शब्दांचे अर्थ. घरात कुणालाही हे माहीत नव्हते. 'बाबा संगणकावर पेपर काढतात' एवढेच सर्वांना वाटे.

पुढचे तीन दिवस खेळ बाजूला राहिले. महाजालावर जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये बदलणारी साधने आहेत, त्यांनी काम पुष्कळ होते. पण सगळे होत नाही. जुन्या पद्धतीत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टंकली जाई, युनिकोडमध्ये ती नंतर येते. रफाराचे उलटे, 'धर्म' टंकताना तो म नंतर दिला जाई, युनिकोडला र आधी हवा. जोडाक्षर आले की साधन चुकते आणि वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसते. गद्य असते तर अंदाजाने दुरुस्त केले असते. ओवीत अंदाज चालत नाही, त्यातून बोली आदिलाबादची. तेव्हा साडूंच्या आई शेजारी बसल्या. मुलगा जुन्या पडद्यावरून वाचायचा, मी लॅपटॉपवर दुरुस्त करायचो आणि त्या ऐकायच्या. कधी थांबवून म्हणायच्या, असा शब्द नाही, तिने असा म्हटला होता. काही ओव्या त्यांनी पडद्याच्या आधीच पुऱ्या केल्या. तेव्हा कळले की सांगणाऱ्यांच्या यादीत 'घरातून' असे जे नऊ ठिकाणी लिहिले होते, ते कोण.

साडू त्या दिवशी बाहेर ओसरीवर जाऊन बसले ते बराच वेळ आत आले नाहीत.

आता या सगळ्याकडे कारकुनाच्या डोळ्यांनी पाहतो. आपल्याकडे ई-कचऱ्याचे नियम २०११ मध्ये झाले, मग २०१६ मध्ये, आणि २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. जुने यंत्र उघड्यावर जाळू नये, नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे द्यावे. शिसे, पारा असली विषे त्यात असतात, तेव्हा नियम हवेतच. पण नियम पत्र्याचा आणि शिशाचा हिशेब ठेवतात. १९९५ ते २००५ या दहा वर्षांत मराठी माणसाने घरच्या यंत्रावर जे लिहिले, त्याचा हिशेब कुणाकडेच नाही. आधीचे हस्तलिखितात आहे, ते निदान डोळ्यांना दिसते. नंतरचे युनिकोडमध्ये आहे, ते शोधता येते. मधली दहा वर्षे करकरणाऱ्या डिस्कांवर आणि बंद पडलेल्या फॉन्टांत अडकून बसली आहेत. गोव्यात तर याच काळात नाट्यसंहिता, भजनी मंडळांच्या वह्या, देवस्थानांच्या स्मरणिका, कुळाच्या वंशावळी कितीतरी लोकांनी हौसेने टंकून घेतल्या. त्या सायबरएजच्या पेट्यांत असतील किंवा छपाईवाल्याच्या जुन्या यंत्रात असतील.

म्हणून या गेमवाल्या पोरांविषयी माझे मत बदललेले नाही, उलट पक्के झाले आहे. जुन्या यंत्रात जीव घालायचे कसब आज त्यांच्याकडे आहे. कुठली पट्टी कुठल्या बोर्डाला चालते, कुठला ड्रायव्हर कुठे मिळतो, हे कुठल्या ग्रंथालयातला माणूस सांगणार नाही, रोड रॅशसाठी झुरणारा नववीतला मुलगा सांगेल. मावल्याच्या त्या मुलाने आता स्वतःहून ओव्यांच्या फायलींच्या तीन प्रती केल्या आहेत. एक त्याच्या आत्याकडे किनवटला, एक माझ्याकडे. मूळ डिस्क कापडात गुंडाळून कपाटात, कपडे ठेवतात त्या खणात. आणि हो, प्रिन्सच्या साठ मिनिटांत तो अजून राजकन्येपर्यंत पोचलेला नाही. आम्हीही कुठे पोचलो होतो?

चवथ जवळ आली की आपण माळे झाडतो आणि भंगारवाल्याला हाक मारतो. यंदा माळ्यावर संगणकाची पेटी सापडली तर ती देण्याआधी तिचे झाकण उघडा. चार स्क्रू असतात. डिस्क काढून घ्या, एक चिठ्ठी चिकटवून तिच्यावर घरातल्या कोणी यंत्र वापरले त्याचे नाव आणि साल लिहा, आणि तुमच्या वाड्यावर खेळांचा नाद असलेला जो कुणी भुरगा असेल त्याच्या हाती द्या. त्याला म्हणावे, खेळ खुशाल. फक्त पुसण्याआधी प्रत काढ.